कार्ड वाढवलं आणि सर्व्हरचा आयपी गेला

प्रश्न (रावेर): केळीच्या गोदामातल्या डेबियन (लिनक्स) सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. आता जुन्या कार्डालाही आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नाही. केबल तीच, पोर्टचा दिवा लागतोय. कार्ड गेलं का?

उत्तर (जळगाव): दिवा लागतोय म्हणजे कार्ड जिवंत आहे, भाऊ. सिस्टममध्ये त्याचं नाव बदललंय. ही नावं पीसीआय बसच्या (कार्ड ज्या मार्गाने मदरबोर्डला जोडलं जातं त्याच्या) क्रमांकावरून पडतात. नवीन कार्डाने क्रमांक सरकले की 'ईएनपी३एस०'चं 'ईएनपी४एस०' होतं. 'इंटरफेसेस' ही नेटवर्क सेटिंगची फाइल मात्र जुन्याच नावाला आयपी देत बसते. 'आयपी लिंक' ही कमांड चालवून मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा कायमचा क्रमांक) जुळवा आणि फाइलमध्ये दोन्ही ठिकाणी नाव बदला, 'ऑटो'च्या ओळीतही. तिथेच लोक विसरतात. पुन्हा हे नको असेल तर सिस्टमडीची (सर्व्हरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) 'लिंक' फाइल करून मॅकवरून 'लॅन०' नाव बांधा, इनिट्रॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टम) अपडेट करा, मगच रिबूट.

उत्तर (धुळे): गेटवेची (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या वाटेची) ओळ एकाच कार्डाला ठेवा. दोन्हीकडे असली तर दुसरं कार्ड उठताना 'फाइल एक्झिस्ट्स' म्हणून अडतं. आणि हे काम एसएसएचवरून (नेटवर्कवरून, दूरून) नको, मॉनिटर-कीबोर्ड लावूनच करा.

प्रश्नकर्ता: आयपी आला! पण 'ईथटूल' (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) स्पीड १०० मेगाबिट दाखवतं, पोर्ट १००० चा आहे.

उत्तर (जळगाव): केबल बघा. १०० ला १, २, ३, ६ या चारच तारा पुरतात, गिगाबिटला (म्हणजे १००० ला) आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी सुटली असेल. दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिंप करा (नवा कनेक्टर दाबून बसवा). स्पीड हाताने १००० वर अडकवू नका, लिंकच पडेल.