फी माफ झाली, पुढे काय?

गरीब देशांतल्या शिक्षणाची चर्चा निघाली की एक मुद्दा येतो: फी माफ केली की मुलं आपोआप शिकतील. फीचा अडसर खराच होता. केनियाने जानेवारी 2003 मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि दहा लाखांहून जास्त नवी मुलं शाळेत आली. त्या मानाने वर्ग आणि शिक्षक मात्र वाढले नाहीत.

आपल्याकडे तर 2010 पासून 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी मोफत शिक्षणाचा कायदा लागू आहे. तरी दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या निघतात, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर पोरंही ट्रॉलीत चढतात. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले, मग पोरांना मागे ठेवणार कुणाकडे? साखर कारखान्याजवळ मजुरांच्या एका कोपीपुढे, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपुढे, मी नऊ-दहा वर्षांची मुलगी पाहिली. कडेवर धाकटा भाऊ, चुलीवर कालवण. आई-बाप पहाटेच उसाच्या फडात गेलेले. चौथीत आहे म्हणाली, पण पुस्तकं गावीच राहिली होती. परत जाईल तेव्हा वर्ग कुठवर पोचलेला असेल? अशा मुलांना गावीच ठेवायला हंगामी वसतिगृहं आहेत, पण मग या धाकट्याला कोण सांभाळणार? माझ्या मते फडाजवळ पाळणाघर झाल्याशिवाय तिची शाळा सुटायची थांबणार नाही.

फिनलंडचं नाव अशा चर्चेत शिक्षकांच्या दर्जासाठी घेतलं जातं. मला तिथलं शाळेतलं जेवण जास्त मोलाचं वाटतं. 1948 पासून ते सगळ्या मुलांना फुकट मिळतं, आणि तेव्हा तो देश युद्धातून नुकताच बाहेर पडला होता, श्रीमंत नव्हता.