मदत हवी आहे: परमिट रूमवरचा बाउन्सर, जबाबदार कोण?

भाचा सांगली-मिरज रस्त्यावर एका परमिट रूमवर बाउन्सर म्हणून लागलाय. तालमीतलं पोरगं, दंड बघूनच घेतलं! काळा टी-शर्ट दिला. ओळखपत्र नाही, ट्रेनिंग नाही. परवा बिलावरून वाजलं, जिन्यावरून खाली काढताना गिऱ्हाईकाचा दात पडला. आता तक्रारीत नाव भाच्याचं. मालक म्हणतो, पोरगं एजन्सीचं. एजन्सीवाला फोन उचलत नाही.

2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यात एजन्सीला लायसन्स, गार्डला ट्रेनिंग आणि फोटोचं ओळखपत्र लागतं, एवढं वाचलंय. पण बाउन्सर त्यात धरतात का? एजन्सीचं लायसन्स खरं का खोटं, हे सांगलीत कुठं बघायचं? पगार रोख, मग तो एजन्सीचा माणूस हे दाखवायचं कसं? कुणी वकील असाल तर सांगा. बहीण दोन दिवस धड जेवली नाही.