डोळे झाकून डायनॅमोडीबी? मला नाही पटत

खिळेहातोडा:
परवा एकाने लिहिलं, "छोट्या टीमने डोळे झाकून डायनॅमोडीबी घ्यावं, पोस्टग्रेसचे दिवस गेले." वाचून डोकं फिरलं. डायनॅमोडीबी म्हणजे ॲमेझॉनचा सर्व्हरलेस डेटाबेस, सर्व्हर आपण सांभाळायचा नाही; पोस्टग्रेस म्हणजे टेबलं एकमेकांशी जोडता येणारा जुना डेटाबेस.

मी दूध संस्थांसाठी ॲप करतोय. संकलन सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, एरवी शुकशुकाट. सर्व्हरलेस शोभतं ते अशाच ठिकाणी. पण दहा दिवसांचं बिल काढताना लिटर, फॅट, उचल, पेंडीची कपात सगळं जुळवावं लागतं, आणि डायनॅमोत जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) नाही. शिवाय सचिव दर महिन्याला नवी यादी मागतात: "म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागलेले सभासद काढा." त्यासाठी इंडेक्स (आधीच लावून ठेवलेली सूची) नसेल तर स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं. फिल्टर लावा नाहीतर लावू नका, जेवढं वाचलं तेवढ्याचे पैसे.

रात्रपाळी:
हा दोष टेबल रचणाऱ्याचा. सभासद क्रमांक पार्टिशन की (नोंद कुठल्या गटात जाईल ते ठरवणारी), तारीख आणि वेळ सॉर्ट की (गटातला क्रम ठरवणारी). उचल, पेंड त्याच पार्टिशनमध्ये. एका क्वेरीत बिलाचा सगळा हिशेब हातात. उलट पोस्टग्रेसला लॅम्डाची (मागणी आली की कोड चालवणारी ॲमेझॉनची सेवा) प्रत्येक चालू प्रत आपलं कनेक्शन उघडते, आणि पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची. सकाळी सहाला काय करणार?

खिळेहातोडा:
बिलाचं ठीक, बसेल तसं. यादीचं उत्तर मात्र तुम्ही टाळलंत. कनेक्शनसाठी निऑनमध्ये, म्हणजे सर्व्हरलेस पोस्टग्रेसच्या सेवेत, थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा पूलर तयार मिळतो.

कृष्णाकाठ:
निऑन पाच मिनिटं कोणी फिरकलं नाही की झोपतं, हे लक्षात ठेवा. आम्ही दुसरीच, पण अशीच झोपणारी एक सेवा घेतली होती. पहाटे पहिल्या किटलीला ॲप नुसतं गोल फिरत राहिलं. आजी किटली धरून उभ्या, मागे रांग. शेवटी सगळं वहीत लिहिलं आणि दुपारी पोरांनी भरलं.

जुनाखांब:
एवढा खटाटोप कशाला? एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, पोस्टग्रेस टाका. झोपायचा प्रश्नच नाही.

रात्रपाळी:
आणि रात्री उठायचं कोणी? बहिणीच्या हळदीच्या रात्री डिस्क भरली, डेटाबेस बंद. मी मांडवामागे लॅपटॉप घेऊन बसलो होतो, हाताला हळद तशीच. बॅकअप रोज होत होता, रिस्टोर (बॅकअपमधून डेटा परत आणणं) कोणी करून पाहिला नव्हता. फाइल अर्धवट निघाली.

जुनाखांब:
तो तुमचा हलगर्जीपणा. सर्व्हरला का दोष देता?

रात्रपाळी:
हलगर्जीपणा म्हणायच्या आधी सांगा, तुम्ही शेवटचा रिस्टोर कधी केलात? तारीख सांगा. डायनॅमोत पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी चालू केली की गेल्या ३५ दिवसांतल्या हव्या त्या सेकंदावर परत जाता येतं. चार माणसांच्या टीमला हेच हवं असतं.

जुनाखांब:
गेल्या वर्षी केला होता. बरं, महिन्याला करायला हवा, एवढं मान्य. पण सेवाच बंद पडली तर? फॉना ही डेटाबेस सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. तिची क्वेरी भाषा तिची एकटीची, लोकांना कोड नव्याने लिहावा लागला. पोस्टग्रेस असेल तर पीजी-डम्पने सगळ्या डेटाची प्रत घ्या आणि दुसरीकडे चला.

रात्रपाळी:
हा मुद्दा खोडता येत नाही. स्कॅनचंही मान्य. ज्याच्या याद्या दर महिन्याला बदलतात त्याने डायनॅमो घेऊ नये. पण ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून पूलरचाच पत्ता टाका.

खिळेहातोडा:
टाकतो. निऑनच घेतोय. पहाटे साडेपाचपासून संकलन संपेपर्यंत दर चार मिनिटांनी एक साधी क्वेरी पाठवणार, म्हणजे पहिली किटली यायच्या आत जागं असेल. रात्री डम्प दुसऱ्या ठिकाणी, आणि पहिल्या रविवारी रिस्टोर करून एका सभासदाचं बिल हाताने ताडून बघणार.