चुंबकापेक्षा तिरकी खाच बरी

खिडकीचे ब्लाइंड (नळीवर गुंडाळायचे पडदे) धुवायला पटकन काढता यावेत म्हणून त्यांचे ब्रॅकेट, म्हणजे टेकू, चुंबकाने बसवावेत असं काही जण सुचवतात. मला ती पटत नाही. चुंबक सरळ उपटायला जड जातो, पण खाली सहज घसरतो, आणि ब्लाइंडचं वजन खालीच ओढतं. शिवाय ॲल्युमिनियमच्या चौकटीला तो चिकटतच नाही.

त्यापेक्षा सुतारकामातली फ्रेंच क्लीट वापरा. एक पट्टी भिंतीला स्क्रूने कायमची. तिची वरची कड ४५ अंशात तिरकी, भिंतीकडे उतरती. ब्लाइंडच्या ब्रॅकेटमागे उलट्या तिरक्या कडेची दुसरी पट्टी. वरून अडकवली की वजनानेच ती भिंतीला घट्ट बसते, आणि ब्लाइंड वर-खाली करायची साखळी ओढली की आणखी. काढायला बोटभर वर उचला, निघाली! त्यासाठी वर दोनेक सेंटिमीटर जागा मोकळी हवी, हे भोक पाडायच्या आधी मोजा. पट्टी बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना छोटा अडथळा द्या.

ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक नको. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मी केलेला पहिला ब्रॅकेट पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यात हळूहळू खाली वाकला, ब्लाइंडची नळी एका बाजूने सुटली. पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा मात्र टिकलाय. प्रिंट करताना तुकडा आडवा, कुशीवर ठेवा. उभा छापलात तर भार थरांच्या जोडावर येतो आणि हूक तिथेच तुटतो.

आणि घरात लहान मूल असेल तर साखळी लोंबती ठेवू नका, तिचं खालचं टोक भिंतीला पक्कं करा.