मानसिक आरोग्याची आठवण यांना फक्त मास्क दिसला की येते

सिस्टर_वृंदा

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने लांबलचक पोस्ट टाकली. सार असं: कोरोनाने माणसं मेली नाहीत, भीतीने मेली. मास्क, अंतर, विलगीकरण यांनी समाजाचं मन खचवलं. पुढची साथ आली तर यातलं काहीही पाळायचं नाही, मन खंबीर ठेवायचं, बस्स. खाली अंगठ्यांची रांग आणि 'अगदी खरं बोललास'. तिथे उत्तर दिलं असतं तर पुढच्या लग्नकार्यात तोंड चुकवावं लागलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या वॉर्डात जे झालं ते भीतीने झालं म्हणणाऱ्याला एक रात्र सिलिंडरशेजारी बसवायला हवं होतं. तिथल्या माणसांना घाबरायलासुद्धा श्वास पुरत नव्हता.

पण माझा खरा राग वेगळा आहे. याच गृहस्थाच्या घरात कोरोनाच्या कितीतरी आधी एका मुलीची झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं. मी म्हटलं, मनाच्या डॉक्टरकडे न्या. उत्तर मिळालं, 'वेड्यांच्या डॉक्टरकडे? बोभाटा झाला तर तिचं लग्न जमेल का?' नेलं नाही ते नाहीच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, कायदा २०१७ चा आहे, आणि आमच्याकडे मनाचा डॉक्टर आजही जिल्ह्याहून आठवड्यातून एकदा येतो. त्यावर या लोकांची एक पोस्ट पाहिली नाही मी. नाकावर फडकं बांधा म्हटलं की मात्र यांना समाजाचं मन आठवतं.

अवलिया७७

ताई, त्या पोस्टमध्ये चुकलं काय? फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज. टीव्हीवर दिवसभर मेलेल्यांचे आकडे. हातावर शिक्के, दाराला पत्रे. धडधाकट माणूस आजारी पडेल. माझे काका पॉझिटिव्ह आले, लक्षण एक नाही, आणि चार दिवसांत हार्ट अटॅक. भीतीच ती. सकारात्मक विचारांची एवढी ॲलर्जी का तुम्हाला?

सिस्टर_वृंदा

काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण या रोगात रक्ताच्या गुठळ्या होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. ते भीतीच्या खात्यावर का टाकता? आणि सकारात्मक विचारांची ॲलर्जी नाही मला. 'सकारात्मक राहा' म्हणून ताप अंगावर काढणारे आमच्याकडे उशिरा आले, त्यांची आहे.

भाऊ_मेसवाले

सिस्टर, तुमच्या कामाला नमस्कार. मास्कला माझा विरोध नाही, लस दोन्ही घेतल्या. पण तुमचा धागा वाचून डोकं फिरलं.

नवी पेठेत माझी मेस. स्पर्धा परीक्षेची पोरं जेवायला. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, २४ ला रात्री आठला घोषणा, आणि पोरं पिशवी घेऊन गावी. भाडं थांबत नाही, गॅसवाला थांबत नाही. ४ मेला दारूची दुकानं उघडली, किलोमीटरभर रांगा, त्याला प्रतिबंध आड आला नाही. बसून जेवायची परवानगी यायला ५ ऑक्टोबर उजाडला. म्हणजे रोग क्वार्टरला घाबरतो आणि वरणभाताला चिकटतो?

मग पोरं परत आली आणि परीक्षा पुढे, आणखी पुढे. ११ मार्च २०२१ ला पुन्हा तेच, १४ ची पूर्वपरीक्षा ढकलली. पोरं शास्त्री रस्त्यावर बसली. त्या रात्री एकाने वाढलेलं ताट तसंच ठेवलं. म्हणाला, 'भाऊ, आता वयात बसत नाही.' पुढे कितीतरी महिने मी त्याला रोज काहीतरी कारण काढून फोन करायचो. उचलला की हायसं वाटायचं. मला मानसिक आरोग्य शिकवू नका.

आकडे हवेत तर घ्या. एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद: देशात आत्महत्या २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२. त्यातले ३७,६६६ रोजंदारीवाले. राज्यांत आपला महाराष्ट्र पहिला. ते तुमच्या वॉर्डात आले नाहीत म्हणून मोजायचे नाहीत का?

पुण्यात १८९७ ला इंग्रजांचा प्लेग अधिकारी रँड, त्याने प्लेगच्या नावाखाली हेच केलं होतं. तेव्हा पुण्याने बरोबर उत्तर दिलं.

निवृत्त_सचिव

सगळे सरकारवर घसरलेत म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीत नियम पाळायला लावले ते मी. लोकांनी मला हिटलर म्हटलं. आज तीच माणसं लिफ्टमध्ये भेटली की हसतात. आभार मात्र एकाने मानले नाहीत.

तिसरा_मजला

सचिव साहेब, तुमच्यासारख्यांनी कामाला येणाऱ्या मावशींना गेटवर अडवलं आणि पिझ्झावाल्याला वर सोडलं. लिफ्ट आमच्यासाठी, जिना मावशींसाठी. आभार कशाचे मागता?

जुना_कसबेकर

भाऊ, तुमचं बाकीचं म्हणणं बरोबरच असेल. मी रँडपुरतं बोलतो, कारण दर साथीला हे उदाहरण अर्धंच येतं.

प्लेग आधी मुंबईत, सप्टेंबर १८९६, मांडवी. ओळखला डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी, मूळ गोव्याचे. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ चा. २०२० मध्ये तोच पेटीतून काढून वापरला. पुण्यात गोरे सोजीर बुटांनिशी देवघरात घुसले, सामान रस्त्यावर फेकलं, बायकांची तपासणी चारचौघांत झाली. हे सगळं खरं. पण टिळकांचा राग प्रतिबंधावर नव्हता, पद्धतीवर होता. भलेभले पुढारी गाव सोडून पळाले तेव्हा ते पुण्यात राहिले, प्लेगचं वेगळं रुग्णालय काढण्यासाठी झटले. सावित्रीबाई हडपसरजवळ डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोगी नेता नेता स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७. पुण्याचं उत्तर म्हणताना त्यांना का वगळता?

तुतारी

सरळ बोला कसबेकर, चापेकर चुकले असं म्हणायचंय का? चार पुस्तकं वाचून रँडची वकिली करायची नवी टूम निघालीय. २२ जूनला त्याला मारला ते उगाच?

जुना_कसबेकर

वकिलीची एक ओळ दाखवा, मी लिहिणं बंद करतो. चिंचवडच्या त्या वाड्यापुढे मी आजही हात जोडतो. माझा मुद्दा असा की तेव्हाही माणसं खचली ती निम्मी जुलमाने, निम्मी अफवांनी. 'रुग्णालयात नेतात ते मारायलाच' या समजापोटी ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. गोखल्यांनी विलायतेत सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि एकीने जीव दिला. ते पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून होतं. पुरावा मिळेना, परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली.

मेलबर्नची_मंजू

पुरावा मिळेना! १८९७ च्या पुण्यात कुठली बाई पुढे येऊन साक्ष देणार होती, आणि नंतर कोणत्या घरात राहणार होती? पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी आपल्या आश्रमातल्या मुलीबद्दल प्लेगच्या दवाखान्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं होतं, ते सोयीस्कर विसरलात. अफवा म्हणे.

जुना_कसबेकर

विसरलो नाही. गोखल्यांचं प्रकरण वेगळं, रमाबाईंचं वेगळं. दोन्हीची खिचडी करू नका.

तुतारी

खिचडी तुम्हीच शिजवताय मघापासून.

सिस्टर_वृंदा

प्लेगचा वेगळा धागा काढा ना कुणीतरी. हात जोडते.

भाऊ, तुमचेच आकडे पुढे वाचा. २०२१ मध्ये १,६४,०३३. २०२२ मध्ये १,७०,९२४. महाराष्ट्रात एप्रिल २०२२ पासून मास्क गेला, निर्बंध गेले, हॉटेलं भरली. तरी आकडा चढलाच. मग प्रतिबंधानेच मन मोडलं हे कसं?

भाऊ_मेसवाले

कर्ज २०२० ला काढलं, सिस्टर. हप्ते २०२२ ला थकले. तुमचा पेशंट घरी गेला की केसपेपर बंद. आमचा तिथून पुढे सुरू होतो.

मेलबर्नची_मंजू

इतिहास सोडते. आमच्याकडे टाळेबंदीचे दिवस मिळून २६२ भरले. देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागायची. मे २०२१ मध्ये तर भारतातून परत येणाऱ्या आपल्याच नागरिकांना तुरुंगाची धमकी दिली. बाबा त्याच काळात गेले. मी स्क्रीनवर पाहिलं. आजही त्या ॲपची रिंग वाजली की पोटात गोळा येतो. पण हेही लिहिते, कारण माझं दुःख पुढे करून इथे कुणीतरी लसविरोधी भाषण ठोकेल: सीमा बंद असताना इथे माणसं वाचली, आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला मी त्यात धरते. दोन्ही खरं आहे. अवलिया, यातलं एकच उचलू नका.

अवलिया७७

मी काही बोललोच नाही अजून, आधीच झापता. मग सांगा, बाबांना शेवटचं न पाहण्याचं जे झालं त्याला 'प्रतिबंध' म्हणायचं की क्रूरपणा?

माळकरी_सुनंदा

मी सांगते. माझी आई दरवर्षी आळंदीहून पायी जाणारी. २०२० ला आणि पुन्हा २०२१ ला माउलींची पालखी एसटीत बसली, दिंड्या घरी. आईने तक्रार केली नाही. दिंडीच्या महाराजांनी फोन करून समजावलं होतं, 'यंदा जिथे आहात तिथे पंढरी'. ती अंगणात फेऱ्या मारायची, टाळ घेऊन. समजावून सांगितलं तर आमच्यासारखी माणसं सगळं पाळतात.

पण दुसऱ्या लाटेत दादा गेले तेव्हा कुणी काही समजावलं नाही. पिशवीत बांधलेलं लांबून दाखवलं आणि गाडी गेली. दहाव्याला दारात माणूस नाही. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, त्यांच्याकडे आम्ही तीस वर्षं हळदीकुंकवाला जातोय. आई त्यांच्याशी आजही बोलत नाही. रात्री उठून दार उघडून बघते. मनाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर 'मला काय झालंय?' मास्क तिने सगळ्यांत शेवटी काढला, बरं का. रोगाचे नियम तिला कधी टोचले नाहीत, शेजारी टोचले.

सिस्टर_वृंदा

सुनंदाताई, आईंना 'झोप येत नाही, त्याच्या गोळीसाठी जाऊ' असं सांगून आणा. आमच्याकडे निम्मे जण असेच येतात. एकदा डॉक्टरांसमोर बसल्या की बोलतात. नाहीतर आधी तुम्ही टेलिमानसला, मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा, सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात.

आणि भाऊ, पत्रे ठोकणं, शिक्के मारणं, मावशींना गेटवर अडवणं याची बाजू मी घेत नाही, घेतलीही नव्हती. त्याने रोगाचं काही बिघडलं नाही. उलट लोक चाचणीला यायचेच बंद झाले. ताप लपवायचे. आम्हाला दुप्पट काम.

भाऊ_मेसवाले

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी मेसचा हिशोब सोडून इथे टाईप करत बसलो नसतो.

असो. ग्रुपवरचा तो तुमचा मित्र मूर्ख आहे, हे लेखी देतो. मन खंबीर ठेवून धंदा चालत नाही आणि फुप्फुसही चालत नाही. पण पुढच्या वेळी घरी बसा म्हणणाऱ्याने पहिल्या महिन्याचं भाडं सोबत आणावं, नाहीतर माझी खिडकी उघडी असेल. मास्क लावून वाढीन.

सिस्टर_वृंदा

त्यात माझी हरकत कुठे आहे? खिडकीतून वाढणं हाच तर प्रतिबंध.

भाऊ_मेसवाले

हो, मग दंडाची पावती तुमच्या नावाने फाडतो.

तिसरा_मजला

सचिव साहेब गायब?

जुना_कसबेकर

वर तुतारी यांनी २२ जूनला रँडला मारला असं लिहिलंय. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी लागली, त्याच्याबरोबरचा लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला. रँड गेला ३ जुलैला. निदान ज्याच्यावर भांडताय त्याची तारीख तरी नीट लिहा.