गोव्यात गांजाबंदी नेमकी कधी आली?

डिचोलीकर:
आमचे आजोबा सांगतात, सत्तरच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उघड चिलीम ओढायचे, कोणी हटकत नव्हतं. मग बंदी कधी आली? गोव्याने स्वतःचा कायदा केला का? आणि भांग चालते म्हणतात, ती कशी?

म्हापशाचा टायपिस्ट:
गोव्याचा वेगळा कायदा नाही बाबा. १४ नोव्हेंबर १९८५ ला केंद्राचा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) लागू झाला, तोच इथेही. तेव्हा आपण राज्यसुद्धा नव्हतो, ते १९८७ ला झालो.

मी म्हापशात एका वकिलांकडे टायपिंगला होतो. जामीन अर्ज टाइप करून बोटं दुखायची. तेव्हा सगळा खेळ ग्रॅमांचा. चरस (गांजाच्याच झाडाचा चीक) ५ ग्रॅमपर्यंत सापडला आणि तो स्वतःच्या ओढण्यापुरताच होता हे आरोपीने सिद्ध केलं, तर फार तर सहा महिने. सहा ग्रॅम निघाला की किमान दहा वर्षं! मधली पायरीच नाही. गांजाला मात्र ५०० ग्रॅमची सवलत, आणि त्यावर गेलं तरी जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे पोतंभर गांजावाला लवकर घरी, खिशात चरसाची गोळी असलेला आत.

२ ऑक्टोबर २००१ पासून (होय, गांधीजयंतीलाच) वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या आल्या. चरसाचं अल्प प्रमाण १०० ग्रॅम, व्यापारी १ किलो. गांजाचं १ किलो आणि २० किलो. ज्यांचे खटले चालू होते त्यांना नव्या शिक्षेचा फायदा मिळाला. ज्यांचं अपील पडून होतं त्यांना नाही. एका आरोपीच्या आईला हे समजावून सांगताना आमच्या साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना.

डिचोलीकर:
काका, भांगेचं राहिलं.

म्हापशाचा टायपिस्ट:
कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं-बिया त्यात धरत नाहीत, म्हणून भांग सुटते. पण राज्याला तिच्यावर अबकारी नियम करता येतात, तेव्हा बिनधास्त राहू नका. याच व्याख्येमुळे साहेबांचा उलटतपासणीतला पहिला प्रश्न ठरलेला: ‘वजन करताना पानं-देठ वेगळे केले होते का?’

पेडण्याची:
२०२० च्या डिसेंबरात औषधासाठी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यापर्यंत गेला होता ना?

म्हापशाचा टायपिस्ट:
गेला होता. एनडीपीएसच्या कलम १० खाली राज्याला तशी परवानगी देता येते. पण बोभाटा झाला आणि मुख्यमंत्री सावंतांनी हात झटकले.