शेंगदाणा श्वासनलिकेत अडकल्याची शंका: दुर्बिणीच्या तपासणीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार,

आम्ही जतला राहतो. माझा मुलगा २० महिन्यांचा आहे. बारा दिवसांपूर्वी सासूबाई कुटासाठी भाजलेले शेंगदाणे पाखडत होत्या, तेव्हा त्याने सुपातले मूठभर दाणे तोंडात कोंबले आणि धावता धावता तो धपकन पडला. त्याला जोराचा ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला आणि पाचेक मिनिटे खोकल्याची उबळ थांबेना. नंतर मात्र तो पुन्हा खेळू लागला, त्यामुळे दाणा पोटात गेला असे समजून आम्ही निर्धास्त झालो.

तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला, मग ताप आला. एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, म्हणून बालदम्याची सुरुवात समजून नेब्युलायझर आणि अँटिबायोटिक दिले गेले. ताप उतरला, खोकला तसाच आहे. रात्री तो झोपल्यावर पाठीला कान लावला, की फक्त उजव्या बाजूला शिट्टीसारखा बारीक आवाज येतो.

काल दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी तो ठसक्याचा प्रसंग प्रथमच बारकाईने विचारून घेतला. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही, फार तर त्याच्यामागे कोंडलेल्या हवेमुळे फुगलेला फुप्फुसाचा भाग दिसतो. उजवी श्वासनलिका रुंद आणि अधिक उभी असल्याने वस्तू बहुधा तिकडे जाते. आणि दाणा ओलाव्याने फुगतो, शिवाय त्याच्या तेलाने आतून सूज येते, असे त्यांनी समजावले. मिरजेला नेऊन पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने तपासावे आणि उशीर करू नये, असा त्यांचा सल्ला आहे.

घरात मात्र ‘मूल खेळते आहे, एवढ्याशा लेकराला भूल कशाला, खोकल्याबरोबर पडेल आपोआप’ असे मत आहे. सासूबाई त्या दिवसापासून धड जेवलेल्या नाहीत. माझा त्यांच्यावर जराही राग नाही. मला स्वतःला तपासणी करावी असेच वाटते, कारण दाणा आत राहिला तर त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

ज्यांच्या मुलांची अशी तपासणी झाली आहे, त्यांनी कृपया सांगावे: आधी सीटी स्कॅन केला होता का, मूल किती तास उपाशी ठेवावे लागले, आणि दाणा निघाल्यावर खोकला किती दिवसांत थांबला? भूलतज्ज्ञांना कोणते प्रश्न आवर्जून विचारावेत, हेही कळवावे. उद्या सकाळी निघायचे ठरवले आहे. वाटेत त्याला श्वासाचा त्रास वाढला तर काय करावे, हे आज रात्रीच समजले तर फार बरे होईल.